मधले सर्व थांबे

माझी आत्या बोलायला लागली की बसस्टँडवरची कबुतरं उडतात. हे मी उगाच सांगत नाही. मी चौकशीच्या खिडकीत बसते, भोंगा माझ्या डोक्यावर आहे आणि कबुतरांचा सगळा संसार त्या भोंग्यावर आहे. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," एवढं तिने म्हटलं की वर फडफडाट आणि खाली शांतता. भांडणारे नवराबायकोसुद्धा भांडण अर्ध्यावर ठेवून वर बघतात. घोषणा संपली की जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतात.

सगळा स्टँड तिला माईकआत्या म्हणतो. सख्खी भाची मी, पण त्या नावावर माझ्यापेक्षा ड्रायव्हर-कंडक्टरांचाच हक्क जास्त. तिचा आवाज भरदार आहे, आणि तो भरदार आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. घरात मीठ मागायचं तरी ती अशी मागते की शेजारीण मीठ घेऊन दारात हजर. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "एकाने आयुष्यभर माझं ऐकावं म्हणून त्याच्या मागे कशाला लागू? इथे फुकट ऐकणारे रोज हजारो आहेत."

या आवाजाची सुरुवात चर्चच्या पायरीवर झाली. माझे आजोबा चर्चची राखण करायचे. झाडलोट, दिवे, घंटा, सगळं त्यांच्याकडे. एकदा ऐन रविवारी घंटेचा दोर तुटला. आजोबा डोकं धरून बसले, पण आजीने परकरातल्या आत्याला पायरीवर उभं केलं आणि म्हणाली, "बोलव सगळ्यांना." आत्याने बोलावलं. पलीकडच्या गल्लीतले, कधीच चर्चला न येणारेसुद्धा काय झालं म्हणून धावत आले. मग नवा दोर आला, पण बरेच दिवस घंटेला कुणी हात लावला नाही. गरजच पडली नाही.

नोकरीही तिला आवाजानेच मिळवून दिली. आधी ती पार्सलच्या खोलीत गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. एका साहेबांनी तिला हमालाशी भांडताना ऐकलं, तेही तीन भिंतींपलीकडून, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला माईकवर बसवलं. तेव्हापासून ती त्या खोलीत आहे. माझ्या खिडकीला लागूनच ती खोली. एक टेबल, एक पंखा, एक माईक, एक फोन. खिडकी नाही. गाडी फलाटावर आली की कंट्रोलर फोन करतात आणि आत्या जगाला सांगते. गाडी ती कधी बघत नाही.

यावरून तिने एक सिद्धांत काढला होता आणि तो ती येता-जाता ऐकवायची.

"बायबलातले संदेष्टे म्हणजे आमच्याच खात्यातले गं," ती म्हणायची. "बंद खोलीत बसायचं आणि येणार म्हणून सांगायचं. मसीहा येणार, मसीहा येणार! लोक विचारतात, कधी? हे म्हणतात, येणार. लोक शिव्या घालतात, हे म्हणतात, येणार. शेकडो वर्षं उशीर झाला, पण एकाने तरी घोषणा रद्द केली का? नाही! आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं का? तेही नाही. याला म्हणतात विश्वास. तुझ्यासारखं नव्हे, पाच मिनिटं बस आली नाही की खुर्चीतून उठून बघायचं."

माझ्यावर गाडी आणल्याशिवाय तिचा कुठलाच सिद्धांत पुरा होत नाही. पण मला तो आवडायचा. एवढंच होतं की सांगताना ती मान अशी ताठ करायची, जणू संदेष्ट्यांनीच तिच्या खात्यात बदली मागितली होती.

आमच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या एका रविवारी या भविष्यवाण्या ओळीने वाचतात. कुठे राजा गाढवावर बसून येतो, कुठे तो इतका साधा असतो की त्याच्याकडे वळूनही कुणी बघत नाही. मंडळीतले लोक एकेक जण उभे राहतात, वाचतात, बसतात. शेवटचा उतारा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात थोर. अंधारात चाचपडणाऱ्यांना उजेड दिसतो, बाळ जन्माला येतं, राज्याचा भार त्याच्या खांद्यावर जातो आणि त्याला एकाहून एक मोठी नावं मिळतात. हा उतारा आत्याचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बाकावरची जागा जशी ज्याची त्याची होऊन जाते तसा तो तिचा झाला होता. ती नावं ती उच्चारायची तेव्हा माझ्याही अंगावर काटा यायचा. माझ्या अंगावर असा काटा सहसा येत नाही.

यंदा नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. तरुण, चष्मा, फार गोड बोलणारे. आदल्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी वाचनं वाटली आणि मोठा उतारा दिला गाणेबाईंना. गाणेबाई म्हणजे मुलांना संगीत शिकवणारी, नुकतीच आमच्या मंडळीत आलेली मुलगी. आत्याच्या वाट्याला आला लहानशा गावाचा उतारा.

"ताई, दरवर्षी तुम्हीच वाचता," पाळक म्हणाले. "यंदा जरा बदल."

"हो हो, बदल हवाच," आत्या इतक्या हळू आवाजात म्हणाली की मी घाबरलेच.

घरी आल्यावर भांड्यांनी आमची कहाणी सगळ्या गल्लीला सांगितली. "चार ओळी!" आत्या पातेलं आपटत म्हणाली. "उभं राहायला आणि बसायलाच त्याहून जास्त वेळ लागतो! तू लहान आहेस, पण तुझ्यातून राजा येईल, संपलं! हे काय वाचन आहे?"

"अगं, पण बेथलेहेमच ना ते? प्रभूचा जन्मच तिथे—"

"मला शिकवू नकोस. तुझ्या बापाला मी शिकवलंय."

बाबांनी बिचाऱ्यांनी आतून हळूच दार लोटून घेतलं. त्यांना खरंच तिनेच शिकवलं होतं.

आता तिच्या घोषणांची एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबच्या गाडीची घोषणा करताना आत्या मोठ्या शहरांची नावं सावकाश, एकेक, पेढा तोंडात विरघळावा तशी घ्यायची. आणि वाटेतली लहान गावं आली की सगळ्यांना एका फटक्यात गुंडाळायची: "...आणि मधले सर्व थांबे." आडवा ओढा, जुना पूल, तीन दगड, वीटभट्टी, असे थांबे. कंट्रोलरच्या कागदावर ती नावं असायची. पण आत्या म्हणायची, घोषणेला एक चाल असते आणि ही नावं चालीत बसत नाहीत. "वीटभट्टी म्हटलं की आवाज धपकन खाली बसतो. सगळ्याचा बट्ट्याबोळ."

तिचा आवाज वर राहायचा आणि खाली माझ्या खिडकीशी रांग लागायची. कारण मधल्या थांब्यांच्या लोकांना कळायचंच नाही की ही गाडी आपली आहे की नाही. त्यात ठरलेल्या एक झाडूवाल्या आजी. शनिवारी आणि सोमवारी झाडूंचा भारा घेऊन यायच्या, विकायच्या आणि परतताना खिडकीच्या गजांना नाक लावून विचारायच्या, "बाई, ही वीटभट्टीला थांबते का?" थांबते, आजी. दरवेळी थांबते. तरी पुढच्या वेळी पुन्हा, "थांबते का?" त्यांचा भरवसा बसायचा नाही. ज्याचं नाव कुणी घेत नाही तिथे गाडी थांबेलच कशावरून, असं त्यांना वाटत असणार.

तर तो शनिवार. दुपार. दोन गाड्यांच्या मधला निवांत वेळ. बाकांवर लोक पेंगत होते, मी बिस्किटाचा पुडा फोडत होते, आणि आत्या आत कडी लावून वाचनाची तयारी करत होती. कडी लावायचा नियम होता, कारण एकदा एक प्रवासी आत शिरून हरवलेल्या छत्रीची घोषणा स्वतःच करायला लागला होता. माईकच्या बटणाशेजारी एक तांबडा दिवा होता. तो पेटला की माईक चालू. दिवा केव्हाचा गेला होता. बदलून घे म्हणून मी मागे लागले की आत्या म्हणायची, "मला दिवा कशाला? माझं बोट सांगतं मला."

त्या दुपारी बोटाने काही सांगितलं नाही.

अचानक माझ्या डोक्यावरची कबुतरं उडाली आणि सगळ्या स्टँडवर आत्याचा आवाज घुमला. अंधारात चालणाऱ्यांनो, उजेड आला आहे! बाळ जन्माला आलं आहे! राज्याचा भार त्याच्या खांद्यावर आहे! मग ती सगळी नावं. तिला न दिलेला मोठा उतारा, एकटीच, दणदणीत.

पेंगणारे उठून बसले. मी बिस्कीट तसंच हातात धरून खिडकीत उभी राहिले. मागोमाग गाढवाचा उतारा आला: आनंद करा, तुमचा राजा तुमच्याकडे येत आहे!

मग काय विचारता! आमचे कंट्रोलर, ज्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणतात, कारण शिट्टी तोंडातून काढून ते फक्त जेवतात, ते खोलीतून असे बाहेर पळाले की एक चप्पल आतच राहिली. राजा म्हणजे कुणीतरी बडा पाहुणा, आणि आपल्याला फोन नाही, कागद नाही, काही नाही! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फुर्रर्र! "फलाट मोकळा करा! ए, ती टोपली उचल! झाडूवाले कुठे आहेत?" झाडूवाले सापडले नाहीत, पण झाडूवाल्या आजी सापडल्या. साहेबांनी त्यांच्या भाऱ्यातले झाडू ओढून हमालांच्या हातात दिले. धुळीचा लोट उठला. एक ड्रायव्हर पळत जाऊन आपली गाडी पुसायला लागला. माझ्या खिडकीशी तर झुंबड! कोण येतंय? कुठल्या फलाटावर? बाळ कुणाला झालं? मुलगा की मुलगी?

"कुणी येत नाहीये!" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली. आत्याने ऐकलं असतं तर तिने मला कच्चं खाल्लं असतं. कुणी येत नाही कसं?

मी मागच्या दाराने धावले आणि तिच्या खोलीच्या फलाटाकडच्या दारावर थापा मारायला लागले. "आत्या! दार उघड! माईक!" पण आत पंखा घरघरत होता, स्वतःच्या आवाजापुढे तिला भोंगा ऐकू येत नव्हता आणि ती माझ्या थापांना छत्रीवाला समजून बसली असणार. "थांबा जरा!" एवढंच भोंग्यावर गर्जून ती पुढे लहान गावाच्या उताऱ्याकडे वळली.

तो तिने कसा वाचला म्हणाल, तर औषध पितात तसा. एका दमात. आणि मग ती बोलायला लागली. वाचत नव्हती, बोलत होती. कुणाशी ते मला लगेच कळलं, कारण त्या सुरात ती घरी फक्त बाबांशी आणि देवाशी बोलते.

"हे बरं केलंस का रे देवा? तूच सांग. तो मोठा उतारा त्या गाणाऱ्या पोरीला, आणि मला हे! चार ओळींचं गाव! माझा आवाज काय मधल्या थांब्यांसाठी दिलायस मला? मी इथे वीटभट्टी म्हणत नाही, आवाज बसतो म्हणून, आणि तू मला चर्चमध्ये सगळ्यांसमोर वीटभट्टीच वाचायला लावतोस?"

फिरणारे झाडू जागच्या जागी थांबले. शिट्टीसाहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. दारावर थापा मारून माझे तळहात लाल झाले होते, पण माझेही हात थांबले.

"लहान आहेस म्हणतोस त्याला," आत्या पुढे म्हणाली. "आणि तरी..." मग ती थांबली. कागद सरकल्याचा आवाज आला. तिने तो उतारा पुन्हा वाचला, या वेळी सावकाश, बोट ठेवून वाचावं तसा. "नाव घेतलंस तू त्याचं. एवढी मोठमोठी शहरं होती, राजवाड्यांची, मंदिराची. ती सोडून तू या एवढ्याशा गावाचं नाव घेतलंस. शेकडो वर्षं आधी. नाव घेऊन सांगितलंस, इथे थांबेन म्हणून."

भोंग्यातून नाक ओढल्याचा आवाज आला.

"'आणि मधले सर्व थांबे' असं नाही म्हणालास," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "मी म्हणते. मी रोज म्हणते. मला वाटलं मी तुझ्या संदेष्ट्यांच्या खात्यातली आहे. आणि तू जिथे थांबलास ते गाव मी एवढ्या वर्षांत एकदाही पुकारलं नाही रे."

आणि माझी आत्या, जी स्वतःची आई गेली तेव्हाही रडली नव्हती, ती भोंग्यावर हुंदके देऊन रडायला लागली. फलाटावरच्या कितीतरी बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कारण न समजता. मी खांद्याने दाराला अशी धडक दिली की कडी निखळली. आत गेले आणि बटण बंद केलं.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. बटणाकडे पाहिलं. विझलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"कुठपासून?" तिने विचारलं.

"उजेडापासून," मी म्हणाले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीतच ती लहान झाली. "मी उद्या चर्चला येणार नाही," ती म्हणाली. "इथेही नाही. राजीनामा लिहून दे. तुझं अक्षर बरं आहे."

मी काही बोलणार एवढ्यात दारात कुणीतरी धापा टाकत उभं राहिलं. झाडूवाल्या आजी. केस विस्कटलेले, अंगावर धूळ, हातात उरलासुरला भारा. मला वाटलं झालं, आता वीटभट्टीवाले जाब विचारणार. आणि विचारलाच असता तर मी कोणत्या तोंडाने अडवणार होते?

पण आजींचे डोळे नुसते चमकत होते. "बाई!" त्या आत्याला म्हणाल्या. "आमचं नाव आलं भोंग्यावर! दोनदा! माझ्या कानांनी ऐकलं!"

"आजी, मला माफ करा," आत्या पुटपुटली. "मी ते... मी वाईट अर्थाने..."

"ते जाऊ द्या हो. मला पुढचं सांगा. ते दुसरं गाव, लहान, आमच्यासारखं. राजा तिथे येणार म्हणालात. मग? आला का? गाडी थांबली का तिथे? तुम्ही मधेच रडायला लागलात आणि राहूनच गेलं की!"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर येणार, येणार म्हणून सांगणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणी जवळ येऊन विचारत होतं, आलं का? मला वाटलं ती लगेच सांगेल. पण तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या सकाळी चर्चमध्ये या, आजी. तिथे सांगते. सगळ्यांसमोर."

राजीनामा मी लिहिला नाही. शिट्टीसाहेबांनी मात्र दिवा त्याच दिवशी बदलला. आजींना झाडूंचे पैसे द्यायला ते निघाले तर आजी म्हणाल्या, "राजासाठी होते ना, राहू द्या."

रविवारी आत्या चर्चला आली ती माझ्या मागून. हे मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी मी तिच्या पदराआड असते. लोक कुजबुजत होते. अर्ध्या मंडळीने स्वतः ऐकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या मंडळीला त्या अर्ध्यांनी मीठमसाला लावून सांगितलं होतं. आत शिरतोय तोच गाणेबाई पुढे आली. काल ती फलाटावरच होती, गाडीची वाट बघत. "गाणारी पोर" तिनेही ऐकली होती.

"आत्या," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले होते, "मोठा उतारा तुम्ही वाचा. मला आधी माहीतच नव्हतं तो तुमचा आहे. मी लहान वाचते. मी पाळकांना विचारलंय."

मागून पाळकही आले. "खरंच, ताई. काल जे झालं ते ऐकून मलाही वाटलं, तुम्हीच वाचावा."

झालं! जे हवं होतं ते समोर वाढून आलं होतं, आणि तेही विनवणी करून! घे, घे, असं मी मनात म्हणत होते. का खोटं बोलू? मला तिच्या तोंडून ती थोर नावं ऐकायची होती आणि कालची सगळी फजिती धुऊन निघालेली बघायची होती. आत्याचा हात कागदाकडे गेलासुद्धा. मी पाहिलं.

तेवढ्यात दार करकरलं. झाडूवाल्या आजी! धुतलेलं लुगडं, सोबत सून, सुनेच्या कडेवर मूल, आणि मागे आणखी दोघीतिघी दबकत दबकत. सगळी वीटभट्टी उठून आली होती म्हणा ना. चप्पल काढायची की ठेवायची, कुठे बसायचं, काही कळेना. शेवटच्या बाकावर कडेकडेने सगळ्या बसल्या आणि आजींनी गळा लांब करून आत्याला शोधलं.

आत्याने हात मागे घेतला.

"नाही गं बाळा," ती गाणेबाईला म्हणाली. "तू मोठं वाच, आणि मोकळ्या गळ्याने वाच, लाजू नकोस. लहान गाव माझं आहे. मला ते मिळालंय."

तिची पाळी आली. ती पुढे गेली. आमच्या चर्चमध्ये माईक आहे, आणि आत्या तो दरवर्षी तुच्छतेने बाजूला सारते. याही वेळी सारला. मग तिने वाचलं. मोठ्या आवाजात नाही. घरात, जेवून झाल्यावर, उगाच काहीतरी सांगत असावी तशा आवाजात. तू लहान आहेस, मोजदादीतही तुला कुणी धरत नाही, पण माझा राजा तुझ्यातून येईल. गावाचं नाव आलं तेव्हा तिने ते असं घेतलं, हळू, जपून, तान्हं मूल उचलून कुणाच्या हातात द्यावं तसं. इतकी वर्षं मी ते नाव ऐकत आले. पण तिथे खरंच कुणी राहत असेल, रात्री कंदील लावत असेल, गाडीची वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

चार ओळी संपल्या. ती बसायला वळणार, एवढ्यात शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला.

"मग? आला का?"

सगळी मंडळी गर्रकन मागे वळली. आजी उभ्या होत्या. सून त्यांचं लुगडं खाली ओढत होती, पण आजी ऐकतायत कुठल्या! पाळक चष्मा सावरायला लागले. आमच्याकडे वाचनाच्या मधे कुणी खोकतसुद्धा नाही.

आत्याने मागे वळून पाहिलं. तिच्या घोषणेच्या मधे बोललेलं तिला आजवर खपलेलं नाही.

"आला, आजी!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "तिथेच आला! बरोबर त्याच गावात. तिथेही त्याला घर मिळालं नाही, गोठ्यात जागा मिळाली. राजा होता, पण आपण होऊन लहान झाला, बाळ होऊन आला. आणि सगळ्यात आधी कळलं ते रानात मेंढरं राखणाऱ्यांना. मोठ्यांना नाही!"

"म्हणजे गाडी थांबली!" आजी ओरडल्या.

"थांबली!" आत्या म्हणाली, आणि आता मात्र तो आवाज, तोच, पायरीवरचा, छताला जाऊन भिडला. "थांबली, आजी! अजूनही थांबते!"

पुढच्या बाकावरचे एक आजोबा आमेन म्हणाले. मग मागून कुणी म्हणालं. मग सगळं चर्च. मीही म्हणाले, आणि मी इतकी जोरात म्हणाले की माझंच मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम. गाणेबाईने मोठा उतारा सुरेख वाचला, हे कबूल करायला पाहिजे. आत्यानेही कबूल केलं, पण मंगळवारी.

सोमवारी संध्याकाळी मी खिडकीत होते. लांबची गाडी फलाटाला लागली, आतला फोन वाजला आणि कबुतरं उडाली. आत्याने मोठी शहरं घेतली, नेहमीसारखी. मग एक क्षण थांबली. शिट्टीसाहेबांनीही वर पाहिलं. आणि मग एकेक करून, काही न गुंडाळता, ती म्हणाली, आडवा ओढा. जुना पूल. तीन दगड. शेवटी, आवाज मुळीच खाली न बसू देता, वीटभट्टी.

फलाटावरून झाडूवाल्या आजी भारा सावरत येत होत्या. मी सवयीने पुढे झुकले आणि "थांबते, आजी" म्हणायला तोंड उघडलं. पण त्या खिडकीकडे वळल्याच नाहीत. भोंग्याकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.